मागे बसलेला मुलगा

ओसरीवर, गच्चीवर, जिथे असाल तिथे पाठ टेकून बसा. वसमतकडे असाल आणि दिवस हळद शिजवण्याचे असतील, तर हवेत तो वास असेल, असू द्या. रस्त्यावरून ट्रॅक्टर जाईल, तोही जाऊ द्या.

आता स्वतःचं चौदावं वर्ष आठवा. चेहऱ्यापासून सुरुवात करू नका, तो आठवणीत हमखास बरा दिसतो. कपड्यांपासून करा. माझ्यापुरतं सांगतो: शाळेची पहिली फुल पॅन्ट. पोरगं वाढतंय म्हणून शिंप्याने खाली दोन इंच कापड आत दुमडलेलं. वर्षभराने आईने दुमड उसवली, तेव्हा जुन्या घडीची एक रेघ पायाभोवती उरली. रेघेच्या वरचं कापड विटलेलं, खालचं कोरं. ती रेघ अख्ख्या शाळेला दिसतेय अशी माझी खात्री होती. दप्तर पुढे धरून मी ती झाकायचो, आणि दप्तर तर गुडघ्यापर्यंतही पोचायचं नाही.

तुमचीही अशी एखादी रेघ असेल. फाटलेला आवाज असेल, मुरमं असतील, मोठ्या भावाचा ढगळ शर्ट असेल. ती सापडेपर्यंत थांबा. घाई नाही.

सापडली? मग त्या मुलाशेजारी आणखी एकाला बसवा. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’मधला जब्या. चित्रपट १४ फेब्रुवारी २०१४ ला, बरोब्बर प्रेमाच्या दिवशी लागला होता. सोमनाथ अवघडे या पोराने जब्या केला आणि त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जब्याला जीन्स हवी आहे. वर्गातली शालू त्याला आवडते, आणि तिच्याशी तो एक शब्दही बोललेला नाही. काळी चिमणी मारून, जाळून तिची राख मुलीवर टाकली की ती आपली होते, असं त्याने ऐकलंय. म्हणून मित्राला, पिऱ्याला घेऊन हा गडी गलोल हातात धरून माळावर हिंडतो. चिमणी काही हाती लागत नाही. इथे आपण हसतो, आणि हसावंच. चौदाव्या वर्षी कोणाच्या खिशात असली एखादी राख नव्हती?

हे हसू थोडा वेळ तोंडावर राहू द्या. पुढे ते टिकत नाही.

माझी रेघ बहुधा कुणालाच दिसत नव्हती. सगळं जग आपल्याकडेच बघतंय, हे त्या वयाचं दुखणं आणि तोच त्याचा भ्रमही. मोठे झाल्यावर कळतं की कुणी बघत नव्हतं, आणि आपण सुटतो. जब्याला ही सुटका नाही. त्याच्याकडे खरोखरच सगळे बघतात. तो कैकाडी घरातला. गावात डुकरांनी घोळ घातला की ती धरायचं काम त्याच्या बापाचं, कचरूचं, आणि बापामागे सगळ्या घराचं. ‘फँड्री’ म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. शाळेच्या आसपासच डुक्कर धरायची वेळ येते, आणि गाव जत्रेतला खेळ बघावा तसं जमतं. शालूही त्यात असते. जब्या भिंतीआड लपतो, बाप त्याला बाहेर ओढतो.

तेवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. बाप उभा राहतो. डुक्कर निघून जातं.

या ठिकाणी श्वास मोजू नका. आपण कुठे उभे आहोत ते बघा. डोळे मिटले की आपण आपोआप जब्याच्या बाजूला जाऊन उभे राहतो. ते सोपं आहे, कारण आपल्यालाही आपली रेघ आठवते. पण आपली रेघ चार धुण्यांत गेली. त्या गर्दीत, कुंपणाला टेकून, तोंडावर हात धरून हसणाऱ्यांत आपण कधी होतो का? वर्गातल्या कोणाला आपण त्याच्या नावाऐवजी दुसरंच काही म्हणायचो? ते नाव मनात उच्चारून बघा. मला माझं आठवलं, आणि ते मी इथे लिहिणार नाही. चित्रपटाच्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्याबाहेर, आपल्या दिशेने येतो. तो दुसऱ्या कुणाच्या नाही, आपल्याच कपाळावर येतो, हे मला फार उशिरा कळलं.

आता असंच हटकलेल्या आणखी एकाची, वसमतच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट. नामदेवांचं नरसी इथेच, कयाधूच्या काठी. औंढ्याला नागनाथासमोर ते कीर्तनाला उभे राहिले, तेव्हा त्यांना हटकून देवळामागे जायला सांगितलं. शिंप्याचं पोर ते. ते मागे जाऊन बसले आणि गाऊ लागले, तेव्हा देऊळच फिरलं, त्यांच्याकडे तोंड करून. नंदी मात्र होता तिथेच राहिला, म्हणून तो आज देवळाच्या मागे आहे, असं औंढ्यात सांगतात.

दोन्हीकडे तोंडं फिरली. जब्याकडे गावाची फिरली, नामदेवांकडे दगडी देवळाचं.

पुढच्या वेळी औंढ्याला गेलात तर दर्शन झाल्याबरोबर प्रसादाच्या दुकानांकडे वळू नका. मागच्या बाजूला, नंदीपाशी, दहा मिनिटं बसा. सोबत चौदा-पंधरा वर्षांचं कोणी असेल तर त्याचा फोटो काढू नका.