कोरड्या माणसाचा पाऊस

निसर्गाचा आनंद घेण्यात नीती-अनीतीचा प्रश्न तो काय, असे कोणीही विचारील. पाऊस काही तिकीट लावून पडत नाही. तरीही पावसाळ्यात घाटातून जाताना एक प्रश्न मला टाळता येत नाही. जे आपल्याला रम्य वाटते तेच दुसऱ्याला सोसावे लागत असेल, तर आपल्या आनंदाला काही मर्यादा असावी का?

हैदराबादच्या मराठी माणसाला घाट हवासा वाटला, की तो श्रीशैलमची वाट धरतो. १६७७ साली भागानगरला कुतुबशहाची भेट घेतल्यावर शिवाजी महाराजही श्रीशैलला गेले होते. आज मन्नानूरच्या नाक्यापुढे नल्लमलाचे अरण्य लागते. तेलुगूत 'नल्ल' म्हणजे काळा आणि 'मल' म्हणजे डोंगर. श्रावण-भाद्रपदात हा काळा डोंगर धुक्याने पांढरा होतो, गारठा अंगाला झोंबतो. पुढे दरीत कृष्णा दिसते. आपल्या महाबळेश्वराहून निघालेली, येथे धरणाने अडवलेली.

एका पावसाळ्यात शाळेची सहल घेऊन आम्ही या घाटात होतो. बसमध्ये गाण्यांच्या भेंड्या रंगल्या होत्या. एका वळणावर डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक चेंचू बाई भिजत उभी होती. मुलांनी भराभर मोबाईल काढले. आठवीतल्या एका मुलीने मात्र विचारले, "सर, आपण कोरडे आहोत म्हणून आपल्याला छान वाटतंय का?"

या मुलीने कांट वाचलेला नव्हता. निसर्गाचे रौद्र रूप आपल्याला ओढ लावते, पण आपण सुरक्षित जागी असलो तरच, असे त्या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० साली मांडले. मी तिला "हो" म्हणालो. पण आपले हे कोरडेपण येते कोठून? कोसळलेली दरड कोणी भिजत बाजूला करतो, नाक्यावर कोणी कुडकुडत उभा राहतो, तेव्हा आपली गाडी पुढे जाते.

म्हणून घरी बसावे काय? मला तसे वाटत नाही. मी घरी बसल्याने त्या बाईची मोळी हलकी होणार नाही. नुसत्या दयेचेही तसेच. ती एका वळणावर येते आणि पुढच्या वळणावर विसरते. उरते ती मर्यादा. व्याघ्र प्रकल्पातून जाणारा हा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ वाहनांना बंद असतो. "कर आम्ही भरतो, मग रस्ता बंद का?" अशी कुरकुर नाक्यावर ऐकू येते. मला तर हे नऊ तासच या रस्त्यावरची सर्वांत नीतिमान गोष्ट वाटतात. रस्ता आपला असला, तरी चोवीस तास आपला नाही, हे त्यांत कबूल केलेले आहे.

वाघासाठी आपण नऊ तास थांबतो. चेंचू तर या रस्त्याच्या आधीपासूनचे रहिवासी. त्यांचे छायाचित्र घेण्यापूर्वी क्षणभर थांबून विचारणे, त्यांच्या दारात प्लास्टिक न टाकणे, मधाच्या बाटलीसाठी घासाघीस न करणे, इतके तरी जमावे.

सीमाभागातल्या आपणा वाचकांना हे वेगळे सांगायला नको. दोन राज्यांच्या मधल्या आपल्या गावांतूनही लोक खिडकीतून पाहत निघून जातात. त्यांच्या वाटेतला मुलूख हे आपले घर असते.