अपुरा अर्ज

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, उद्यान गणेशाच्या बाजूस, सायंकाळी जमणाऱ्या मंडळींपैकी एक निवृत्त मास्तर आणि एक निवृत्त वकील यांचा वाद कित्येकदा तहकूब होऊनही निकालात निघालेला नव्हता.

मास्तर म्हणाले, "वकीलसाहेब, आपली अडचण नेमकी काय, आजवर कोणते उपाय योजले, याचा तपशील जो देत नाही, त्याला उत्तर देणे म्हणजे आळसाला सनद देणे होय. गीतेच्या चौथ्या अध्यायातही ज्ञानार्थ्याला प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा सांगितली आहे."

"ती ज्ञानार्थ्याला सांगितली, मास्तर, उत्तर देणाऱ्याने ती वसूल करावी, असे कुठे आहे? ज्या 1927 साली या मैदानाला शिवछत्रपतींचे नाव मिळाले, त्याच साली रघुनाथराव कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि तोटा सोसून 1953 पर्यंत चालविले. जे घरात वडीलधाऱ्यांपाशी उच्चारण्याची सोय नव्हती, ते वाचक त्यांना पत्राने विचारीत आणि ते मासिकातून उत्तरे देत. या उत्तरांवरूनच 1934 साली अश्लीलतेचा खटला झाला. हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधणारे डॉ. आंबेडकर त्यांचे वकील. मासिकाचा विषयच लैंगिक असता वाचकाच्या शंकेला उत्तर का देऊ नये, हा त्यांचा सवाल होता. खटला हरले, ती गोष्ट निराळी." (वकिलांना हरलेले खटलेच अधिक आठवतात.)

"पण कर्वे काही गोडबोले नव्हते!"

"नव्हतेच. तुमचा समज चुकीचा आहे, हे सांगणे निराळे आणि मुळात विचारलेतच कसे, असे दरडावणे निराळे. लाजेने अडखळत लिहिलेल्या पत्रात तपशील राहून गेला, तर तो मागून घ्यावा. अपुरा अर्ज शिरस्त्याने चालणारा कारकूनही फेटाळण्याआधी पुरवणीसाठी परत करतो."

"चार ओळींवरून आळशी कोण आणि ओशाळलेला कोण, हे ओळखावे कसे?"

"ओळखता येत नाही. संशयाचा फायदा आरोपीलासुद्धा मिळतो. हा तर साधा अर्जदार."

"मान्य. पण शंभर आळशांना उत्तरे लिहिण्यात माझी जी संध्याकाळ खर्ची पडली, ती खरोखर अडलेल्या एखाद्याच्या वाट्याची होती. तिचा जमाखर्च कोणी ठेवायचा?"

वकीलसाहेब बराच वेळ मैदानावरचा खेळ पाहत राहिले.

"एवढ्या मुद्द्यावर मात्र," ते म्हणाले, "माझ्यापाशी दाखला नाही."