पणजोबांची संमती कोण देणार?

माझी भाची फ्रँकफर्टला असते. तिला घराण्याची वंशावळ एका परदेशी संकेतस्थळावर चढवायची आहे. "आत्या, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे आपली नामावळी आहे ना? फोटो काढून पाठव," असं तिनं सांगितलं. जळकोटला मी सेवा केंद्र चालवते. लोकांचे अंगठे, मोबाइल क्रमांक, जातीचे दाखले दिवसभर हातातून जातात, आणि कुठलाही अर्ज अर्जदाराच्या संमतीशिवाय भरायचा नाही हा माझा नेम आहे. पण पणजोबांची संमती कुणाला विचारायची?

कायदा इथं मदत करत नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं, सरकार अधिसूचना काढून ज्या देशांवर बंधन घालेल ते सोडून, माहिती बाहेर नेण्याची मुभा ठेवली. युरोपचा कायदा जास्त कडक आहे, तिथल्या न्यायालयानं 2020 मध्ये अमेरिकेशी झालेली माहिती पाठवण्याची व्यवस्थाच रद्द ठरवली. पण तो कायदाही मृतांना लागू नाही, असं त्यातच लिहिलेलं आहे.

मेलेल्यांचे कागद बंदच राहावेत, असं मी म्हणणार नाही. आमचं गाव 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्यामुळे आमच्या आजे-पणज्यांच्या काही नोंदी आज दुसऱ्या राज्यात, हैदराबादला आहेत. 2023 पासून न्यायमूर्ती शिंदे समितीनं आरक्षणाच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा मोडी आणि उर्दूतल्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन लोक माझ्याकडे यायचे. खापरपणज्याचं नाव सापडलं की माणसाचा चेहरा कसा उजळतो, ते मी पाहिलंय. त्या नोंदीवर नातवंडांचं शिक्षण अवलंबून असतं.

तरीही आपल्या परंपरेनं आठवणीला सीमा घातली आहे, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांची नावं गोत्रासह घेऊन पिंड देतात. त्यापलीकडच्या पिढ्यांना वेगळा पिंड नाही. हाताला लागलेल्या अन्नाचा लेप तेवढा त्यांचा. नावानिशी धरून ठेवणं तिथं संपतं. नामावळी त्याहून मागं जाते हे खरं, पण उपाध्ये आधी गाव, आडनाव, कूळ विचारतात, मगच वही उघडतात, आणि आलेल्या वंशजाचीही नोंद त्यात होते. म्हणजे वाचणारा स्वतः त्या नात्यात उभा असतो.

हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या मॉर्मन पंथाच्या युटातल्या वंशावळी संस्थेनं मायक्रोफिल्मवर घेतल्या आहेत. तो पंथ मृत पूर्वजांच्या नावानं बाप्तिस्मा करतो. आत्म्याला तो नाकारताही येतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. पूर्वजांना आपल्यासोबत न्यावं ही त्यामागची माया मला कळते. पण छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं त्या याद्यांत दिसली तेव्हा ज्यू संघटनांनी हरकत घेतली आणि 1995 मध्ये ती काढण्याचा करार झाला. 2008 मध्ये व्हॅटिकननं आपल्या चर्चच्या नोंदी त्या संस्थेला द्यायला मनाई केली. मृतांच्या वतीनं कुणीतरी नाही म्हणू शकतं, हे मला यातून दिसलं.

मग आम्ही वंशज त्यांच्या वतीनं हो म्हणू शकतो का? माझं उत्तर पितृऋणातून येतं. आपण पूर्वजांचे देणेकरी आहोत. धनकोचा ऐवज परस्पर तिसऱ्याच्या हवाली करायचा अधिकार देणेकऱ्याला नाही. तो जपून पुढच्या पिढीकडे द्यायचा. म्हणून भाचीला मी नावं, गाव, कूळ पाठवीन. ती तिचीच आहेत. पण कोण दत्तक आलं, कुणी दुसरं लग्न केलं, कोण कशानं गेलं, हे घरच्यांनी उपाध्यांना विश्वासानं सांगितलेलं असतं. कुणीही उघडून वाचावं अशा जागी ते चढवायचं नाही.

तिचं म्हणणं, "आत्या, इकडची मुलं त्र्यंबकला कधी येणार?" या बोलण्यात वजन आहे, त्याला माझ्याजवळ पुरतं उत्तर नाही. नामावळीच्या शेवटच्या पानांवर तर जिवंत चुलतभावंडंच आहेत. त्यांना एकेकाला फोन करून विचारायला सुरुवात केली आहे. धाकट्या चुलत्यांनी नको म्हटलं, त्यांची फांदी मी वगळणार आहे.