उपकारांची वही



सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने प्रभूला विचारले तेव्हा प्रभूने एकीऐवजी दोन आज्ञा सांगितल्या. त्यांतील दुसरीत शेजाऱ्यावर किती प्रीती करावी याचे मापही दिलेले आहे, आणि ते माप म्हणजे आपण स्वतः. 'शेजारी कोण' या विषयावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. मापाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. स्वतःवर प्रीती करणे हे माणसाला शिकवावे लागत नाही, उलट ते सोडवावे लागते, असे आपण गृहीत धरतो. मीही धरले होते. परंतु पायलीच फुटकी असेल तर तिने मोजून दिलेले धान्य पुरे कसे भरणार?

मला हा प्रश्न दिल्लीत पडला. नगरकडील आमचे कुटुंब यजमानांच्या नोकरीमुळे सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत असे. दोन खोल्या, मागे इवलेसे अंगण, समोर कडुनिंबाची झाडे. या वसाहतीला पूर्वी विनयनगर म्हणत. हे नाव मला फार आवडे, कारण विनय हा माझा विशेष गुण आहे अशी माझी समजूत होती!

सरोजिनीनगरचा बाजार आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. परदेशी पाठवण्यासाठी शिवलेले आणि काही कारणाने मागे राहिलेले कपडे तेथे ढिगांनी विकले जातात. सोमवारी बाजार बंद, म्हणून आमची खरेदी बहुधा शनिवारी होई. १९९३ च्या डिसेंबरात मी अशीच तासभर ढीग उपसून घरी आले. यजमानांना मफलर, मुलांना स्वेटर, सासूबाईंना लोकरीचे मोजे. सासूबाई गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आमच्याकडे राहण्यास आल्या होत्या. मोजे हातात घेऊन त्यांनी विचारले, "आणि तुला गं?"

"मला काय करायचंय, आई? माझं चालतंय."

हे उत्तर मी कित्येक वर्षे देत आले होते, आणि देताना मनाला गोड वाटे. त्या दिवशी मात्र त्या म्हणाल्या, "तू स्वतःला काही घेत नाहीस ना, म्हणून तुझ्या हातचं घेताना मला ओशाळल्यासारखं होतं."

माझा संताप झाला. पहाटे चारला उठणे, दुधाच्या रांगा, त्यांचे शेकणे, औषधे, पाहुणे, मुलांचे अभ्यास, सारे मी एका दमात बोलून दाखवले. तारीखवार म्हटले तरी चालेल. त्या काहीच बोलल्या नाहीत. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या ध्यानात आले, की एवढे सगळे मला तोंडपाठ होते. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या प्रीतीच्या अध्यायात प्रीती अपकारांचा हिशेब ठेवत नाही अशा अर्थाचे वचन आहे. अपकारांची वही मी खरोखरच ठेवली नव्हती. मी उपकारांची ठेवली होती.

वाचकहो, अशी वही आपल्याही घरात कोठे आहे काय, ते आपणच पाहावे. ती बहुधा स्वयंपाकघरात सापडते, तशीच ती पाळकांच्या अभ्यासिकेतही सापडते.

त्या हिवाळ्यात मी राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकोणिसावा अध्याय पुन्हापुन्हा वाचला. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला एलीया ईजबेलीच्या धमकीने रानात पळतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला काय पाठवतो? उपदेश नाही, दटावणीही नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. तो खातो आणि पुन्हा झोपतो, तेव्हा दूत त्याला उठवून पुन्हा जेवू घालतो, कारण वाट लांबची आहे. मग चाळीस दिवस चालून होरेबास पोहोचल्यावर एलीया बोलतो काय? मी इतकी ईर्ष्या बाळगली, मी एकटाच उरलो! म्हणजे त्याच्यापाशीही वही होतीच. देव त्याला सांगतो, की इस्राएलात अजून सात हजार आहेत. थकलेल्या माणसाला आपण एकटेच आहोत असे वाटू लागते. माझ्या घरातही दुधाच्या रांगेत उभे राहण्यास तयार असलेले दोन मुलगे होते. त्यांना मी कधी जाऊ दिले नव्हते.

घेणे हे देण्याहून कठीण आहे, हे पेत्राला पाय धुण्याच्या प्रसंगी कळले. तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत अशा आवेशात तो बोलला. यात आदर होताच, पण आपण कोणाचे देणेकरी होऊ नये हा ताठाही असावा, असे मला वाटते. प्रभूचे उत्तर कठोर आहे: धुऊ दिले नाहीस तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. स्वतः प्रभूने मात्र सहज घेतले. शोमरोनी स्त्रीपाशी पाणी मागितले, आणि बेथानीत मस्तकावर ओतलेले मौल्यवान तेल, शिष्य कुरकुरत असताही, स्वीकारले.

बाराव्या शतकातील क्लेअरव्होचा संत बर्नार्ड प्रीतीच्या चार पायऱ्या सांगतो. पहिल्या पायरीवर माणूस स्वतःसाठी स्वतःवर प्रीती करतो, हे आपल्याला ओळखीचे आहे. दुसरीवर तो स्वतःच्या लाभासाठी देवावर, आणि तिसरीवर देवासाठी देवावर प्रीती करतो. आपल्याला वाटते, येथे शिडी संपली. परंतु चौथी आणि सर्वांत उंच पायरी ही, की माणूस देवासाठी स्वतःवर प्रीती करतो. याच बर्नार्डचा एक शिष्य ११४५ मध्ये तिसरा युजीन या नावाने पोप झाला. कामात बुडालेल्या या शिष्याला गुरूने बजावले, की तुझ्या विहिरीचे पाणी सारे जग पीत असेल तर तूही त्यातले पी. स्वतःलाच परका ठरवू नकोस.

येथे एक शंका मला स्वतःलाच येते. हल्ली 'स्वतःकडे लक्ष द्या' ही शिकवण फार स्वस्त झाली आहे, आणि बाजार तिच्यावर भरपूर कमावतो. शिवाय माझ्या विसाव्याची किंमत कोण देतो? आमच्या क्वार्टरांतून धुणीभांडी करणाऱ्या बायांना आठवड्याची सुट्टी नव्हती. मी दुपारी पडले की माझी राहिलेली कामे मोलकरणीच्या अंगावर जात. तिला विश्रांती घ्या म्हणणे ही थट्टाच झाली असती. म्हणूनच ते माप दोन्ही बाजूंनी वापरावे लागते. मला दुपारची झोप हवी असेल तर तिलाही हवी, आणि माझा चहा जर कपात, तर तिचा फुटक्या ग्लासात का? हा हिशेब मला फार उशिरा सुचला, हे येथे लिहून ठेवते.

ती वसाहत आता पूर्वीची राहिली नाही. २०१६ साली केंद्र सरकारने दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली, त्यांत सरोजिनीनगरही होते. जुनी क्वार्टरे पाडली गेली. सासूबाई तर त्याच्या कितीतरी आधी प्रभूकडे गेल्या.

त्या भांडणानंतरच्या शनिवारी त्यांनी पदराची गाठ सोडून पन्नासाची नोट माझ्या हातावर ठेवली होती. "हे फक्त तुझ्यासाठी. आणि आणलंस की मला दाखव." नको, असे शब्द माझ्या ओठांवर आले. मी ते गिळले. बाजारातून कॉफी रंगाचा एक स्वेटर आणला. ऊबदार होता, पण मधले एक बटन नव्हते. सासूबाईंनी आपल्या डब्यातून एक बटन शोधून काढले. रंग जुळत नव्हता. अंगणातील उन्हात बसून, थरथरत्या बोटांनी त्या सुईत दोरा ओवू लागल्या. दोनदा, तीनदा तो हुकला. मी हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो बाजूला सारला.

"तू बस गं जरा," त्या म्हणाल्या.

मी बसले.