शत्रूच्या हातची छडी

मंदिर बांधावयास निघालेला शलमोन राजा सोराच्या हीरामास कळवितो की, आता मला कोणी 'सातान' उरलेला नाही. आपल्या परिचयाच्या 'सैतान' शब्दाचाच हा हिब्रू नातलग. मूळ अर्थ मात्र विरोधक, आडवा येणारा, एवढाच. 'राजे' या पहिल्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात तोच शब्द पुन्हा येतो. राजाचे मन परक्या दैवतांकडे वळते आणि अदोमचा हदाद व दमास्कसचा रजोन हे विरोधक स्वतः परमेश्वरच उठवितो.

शत्रू ही जर ईश्वराची छडी, तर शत्रूचे स्वतःचे दुःख खोटे मानावयाचे काय? ग्रंथकर्ता तसे मानीत नाही. हदाद लहान असता दाविदाचा सेनापती यवाब सहा महिने अदोमात राहून तेथील पुरुषांची कत्तल करीत होता, हे तो लपवीत नाही. तिसरा विरोधक यराबाम हा तर शलमोनाचाच कर्तबगार अधिकारी, योसेफाच्या घराण्याकडून घेतल्या जाणाऱ्या वेठीच्या कामावर नेमलेला. छडी आकाशातून पडली नाही. ती राज्याच्याच कुंपणात वाढलेली होती.

मग राजाने काय करावे? अबशालोमाच्या बंडात पळणाऱ्या दाविदास शिमीने दगड मारले, शिव्याशाप दिले. त्याचे मस्तक उडवू पाहणाऱ्यास दाविदाने आवरले. हे परमेश्वरानेच त्यास सांगितले असेल, असे तो म्हणाला. शलमोनाने उलट यराबामास ठार मारू पाहिले व तो मिसरास पळाला. परंतु मृत्युशय्येवरील दाविदाने त्याच शिमीचा हिशेब मुलावर सोपविला, हेही विसरून चालणार नाही. संकटात आलेली नम्रता सत्ता परत मिळाल्यावर टिकतेच असे नाही.

यशया संदेष्टा आणखी एक मर्यादा घालतो. अश्शूर ही ईश्वराच्या क्रोधाची काठी खरी. पण गर्वाने फुगल्यास तिलाही शासन होईल. म्हणजे 'मी ईश्वराची छडी आहे' असे म्हणण्याचा अधिकार मारणाऱ्यास नाही. 'हा प्रहार मला काही शिकवीत असेल' हे मार खाणाऱ्यानेच म्हणावयाचे असते.

आपण अधिकाराच्या लहानमोठ्या खुर्च्यांवर बसणारी माणसे. विरोधकाचा हेतू शुद्ध आहे की नाही, हे तपासण्यात आपला बराच काळ जातो. हदादाचा हेतूही शुद्ध नसेल. तरीही त्याचे गाऱ्हाणे खरे होते. आणि ते ऐकावयास शलमोनाच्या दरबारी कोणी नव्हते.