दिसले नाही, म्हणजे?

राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावावर, पावसाळा सरला की आभाळ मोकळे होते. चांदणे नसेल तर देवयानी तारकासमूहात एक फिकट डाग नुसत्या डोळ्यांना दिसतो. अब्द अल-रहमान अल-सूफी यांनी इ.स. ९६४ च्या सुमारास त्याची नोंद 'लहानसा ढग' अशी केली. तो ढग म्हणजे आपल्यापासून २५ लाख प्रकाशवर्षे दूरची दीर्घिका आहे, हे विसाव्या शतकात कळले. सूफींनी दिसले तेवढेच लिहिले, पुढची कल्पना रंगवली नाही. आम्हाला हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

पण जे डोळ्यांना दिसतच नाही, त्याची साक्ष कोणी आणि कशी द्यायची?

अतितप्त, महाकाय तारे आपला बहुतेक प्रकाश अतिनील किरणांत उधळतात आणि अल्पायुषी ठरतात. हे किरण वरचा ओझोन अडवतो. अडवतो म्हणूनच खाचरात माणूस उघड्या पाठीने भात लावू शकतो. तेव्हा त्या पडद्याला दोष कसा द्यावा? जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या दुर्बिणी रेडिओ लहरी जमिनीवरून टिपतात. अतिनीलासाठी मात्र वातावरणाबाहेरच जावे लागते.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी अॅस्ट्रोसॅट गेला. त्यावरच्या अतिनील दुर्बिणीचा आरसा जेमतेम ३८ सेंटिमीटरचा, हबलचा २.४ मीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये या छोट्या दुर्बिणीने आकाशाचा एक तुकडा २८ तासांहून अधिक न्याहाळला. पुण्याच्या आयुकातील कनक साहा आणि सहकाऱ्यांना तिथे ९३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेतून तीव्र अतिनील किरण येताना आढळले. हबलला ते टिपता आले नव्हते. छोट्या दुर्बिणीच्या यंत्रात स्वतःचा गोंगाट कमी होता, इतकेच. खात्री करण्यात जवळजवळ दोन वर्षे गेली. निष्कर्ष २०२० मध्ये छापला गेला.

हबल खोटे बोलली नव्हती. तिचे म्हणणे 'मला दिसले नाही' एवढेच होते. त्याचे 'तिथे काही नाही' ऐकणारे करतात. भरदुपारी पाहणीला आलेला माणूस कुलूप पाहून 'घर बंद' लिहितो. घरचे तेव्हा शेतावर असतात. पुढच्या टेबलावर त्याचे 'कोणी राहत नाही' होते आणि रेशनच्या यादीतून नाव जाते. दोष कोणाचा? दुसऱ्याचा तर आहेच. पण पहिल्याचाही थोडा आहे, असे आम्हाला वाटते. त्याने संध्याकाळी पुन्हा एकदा यायला हवे होते.