कर्त्यावाचूनचा मृत्यू

ई. कोलाय या जिवाणूच्या डीएनएत लॅम्डा नावाचा विषाणू पिढ्यान् पिढ्या निजून राहू शकतो. एस्थर लेडरबर्ग यांना तो 1951च्या सुमारास प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वापरात असलेल्या के-12 या वाणात सापडला. लॅम्डा हा फेज, म्हणजे जिवाणूंवर वाढणारा विषाणू. तो जागा झाला, की 37 अंश तापमानाला साधारण 50 मिनिटांत पेशी फुटते आणि शंभरेक नवे फेज बाहेर पडतात.

या मरणाला हत्या म्हणायचं, तर मारणारा दाखवावा लागेल.

लॅम्डाला जागं कोण करतं, इथूनच अडचण सुरू होते. अतिनील किरणांनी जिवाणूच्या डीएनएला इजा झाली, की जिवाणूचं स्वतःचं रेक-ए हे प्रथिन डागडुजीच्या कामाला लागतं. त्याच धांदलीत लॅम्डाला झोपवून ठेवणारं प्रथिन तुटतं. यजमान जगायची धडपड करतो आणि त्या धडपडीतूनच त्याचा अंत सुरू होतो.

पुढचं काम फेजच्या जनुकांचं. त्यांपैकी एक एन्डोलायसिन बनवतं. पेशीभित्तिका तोडणारं हे प्रथिन वेळेआधीच तयार होतं, पण आतल्या पटलापलीकडे जाता येत नसल्यामुळे पेशीतच साचत राहतं. दुसरं प्रथिन होलिन. ते त्या पटलात गोळा होत जातं आणि तोवर जिवाणू बिनघोर वाढत असतो. मग एका क्षणी होलिनचे रेणू एकवटतात, पटलाला भगदाडं पडतात आणि एन्डोलायसिन भित्तिकेपर्यंत पोचतं. उरलेलं बाहेरचं आवरण स्पॅनिन प्रथिनांची जोडी उकलते. ही जोडी नसेल, तर भित्तिका गेल्यावरही पेशी गोल होऊन तशीच राहू शकते.

तो क्षण कसा ठरतो, यावर टेक्सासमध्ये राय यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं काम केलं. होलिनच्या जनुकाला वाचनाचे दोन आरंभ आहेत. एकातून 105 अमिनो आम्लांचं होलिन तयार होतं, दुसऱ्यातून 107 आम्लांचं प्रतिहोलिन. हे दुसरं पहिल्याला अडवून धरतं. फरक फक्त दोन आम्लांचा, आणि त्यांतल्या एकावरच्या धनभारामुळे प्रतिहोलिनचं टोक पटलात शिरत नाही. मात्र सायनाइडसारख्या विषानं पटलातली ऊर्जा संपली, की ते टोकही आत जातं आणि अडवणारा फोडणाऱ्यांना सामील होतो. जणू यजमानाचा प्राण आहे तोवरच थांबायचं, असा करार झालेला आहे. होलिनमधलं एखादंच आम्ल बदललं तरी घटिका पुढेमागे सरकते. पेशी लवकर फुटली तर संतती थोडी, उशिरा फुटली तर नव्या यजमानांपर्यंत पोचायला विलंब. हा मेळ नैसर्गिक निवडीनं, असंख्य पिढ्यांत बसला.

वाट पाहणं, अडवणं, करार हे सगळे शब्द मनाचे आहेत आणि इथे मन नाही. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना दोन गोष्टी एकत्र आणल्या: प्रमादानं घडलेली कृती आणि प्राणांचा वियोग. म्हणूनच जपून चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली किडा मेला, तर केवळ त्या मरणानं मुनीला हिंसेचं बंधन लागत नाही. लॅम्डापाशी या व्याख्येचा उत्तरार्ध पूर्ण आहे, पूर्वार्ध सापडत नाही. अर्थात जैन दर्शन एकेंद्रिय जीवालाही कषाय, म्हणजे क्रोध-लोभासारखे विकार, आहेत असं मानतं. त्या नजरेनं विषाणूला जीव म्हटलं, तर प्रश्न पुन्हा उघडा पडतो. तो घाईनं मिटवू नये. तरीही रेक-ए, होलिन, प्रतिहोलिन यांच्यावर एकेक करून बोट ठेवत गेलं, तर प्रत्येक ठिकाणी कारण मिळतं, कर्ता मिळत नाही. निसर्गात हिंसा भरून राहिली आहे, असं म्हणत माणसाच्या क्रौर्याला आधार शोधणारा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. तो कारणालाच कर्ता समजतो.

कर्ता दिसला तो लंडनमध्ये, 2018 साली. फुप्फुसांचं प्रत्यारोपण झालेल्या 15 वर्षांच्या मुलीच्या शरीरात मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस हा जिवाणू पसरला होता आणि प्रतिजैविकं हरली होती. पिट्सबर्गच्या ग्रॅहम हॅटफुल यांच्या संग्रहातून तिच्यासाठी तीन फेज निवडले गेले. त्यांतला ‘मडी’ दक्षिण आफ्रिकेतल्या एका कुजक्या वांग्यावर सापडलेला होता आणि तो मुळातच पेशी फोडणारा निघाला. उरलेल्या दोघांना मात्र जिवाणूत निजून राहायची सवय होती. संशोधकांनी त्यांना झोपवणारं जनुकच निकामी केलं. हा निर्णय विषाणूंचा नव्हता. तो घेणाऱ्या माणसांना आपण कोणाला मारतो आहोत आणि कोणासाठी, हे पक्कं ठाऊक होतं. पुढच्या काही महिन्यांत मुलीच्या जखमा भरत आल्या.